पाटाच्या शेवटचं वावर

नानांचा फोन आला तेव्हा मी देवपूरच्या घरी गच्चीवर कुरडयांची राखण करत बसले होते. एप्रिलचं धुळ्याचं ऊन, दहा वाजताच शेजारचे पत्रे तडतडायला लागलेले. नाना एरवी आधी आईची, मग पोरांची, मग नदीच्या पाण्याची चौकशी करतात आणि मगच कामाचं बोलतात. त्या दिवशी एकदम मुद्द्यावर आले. "पोरी, मी स्वतः लिहिलेला शब्द गुगलमध्ये टाकून पाहिला. दुनियेभरचं आलं, माझं पान काही आलं नाही. दोन वर्षं झाली साईटला. कोनीच येत नही, माय."

नाना आमच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठाला आमचं गाव. नोकरीत असताना बदली होईल तिथे ते एक जाड वही घेऊन जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या बायांच्या ओट्यावर बसून अहिराणी शब्द, म्हणी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी, कानबाईच्या जागरणातली गाणी उतरवून घ्यायचे. निवृत्तीनंतर संगणक शिकले आणि सगळ्या वह्या एका बोटाने टाइप केल्या. चार हजारांवर शब्द. पेन्शनीतून पैसे बाजूला काढत एकाकडून वेबसाईट करून घेतली. त्या माणसाने साईट चालू केली, पैसे घेतले, आणि पुढे त्याचा फोनच लागेनासा झाला.

वेबसाईटची तांत्रिक कामं मी गेली बारा वर्षं करते. एसइओ, म्हणजे सर्च इंजिनात साईट वर दिसावी म्हणून करायचं काम, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गुगलला फसवणारा माणूस उभा राहतो, आणि त्याला कारणं आहेत, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण त्यातला जो तांत्रिक भाग आहे त्यावर माझा जीव आहे. सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात राहतो. तो तुमच्या पानापर्यंत पोचला का, पोचल्यावर त्याला ते वाचता आलं का, वाचल्यावर ते इंडेक्समध्ये, म्हणजे सर्च इंजिनच्या नोंदवहीत, ठेवायची मोकळीक त्याला होती का, आणि माणसाने बोट लावल्यावर पान वेळेत उघडलं का, एवढं बघायचं असतं. पानात काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या हाती. माझ्या हाती रस्ता.

हा रस्ता तपासायची माझी एक पद्धत आहे, आणि ती मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही.

माझे आजोबा, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, गावच्या फडाचे पाटकरी होते. पांझरेवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासूनची आहे. नदीला आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि चाऱ्यांखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे सगळ्यांना पाणी एका मापाने लागतं आणि पाळीवरून भांडण होत नाही. पाणी कोणत्या वावरात किती वेळ सोडायचं हे शेतकऱ्याच्या हातात नसायचं, ते पाटकरी बघायचा. सोबतीला हवालदार आणि जागल्या. हंगामाआधी ज्यांची म्हणून पाण्याखाली जमीन, त्या सगळ्यांनी पाट उपसायला यायचं, मोठा बागायतदार असो की अर्ध्या एकराचा धनी.

एकदा पाटाच्या अगदी शेवटच्या वावरात पाणी पोचत नाही अशी तक्रार आली. मी सात-आठ वर्षांची असेन, बॅटरी धरायला बापूंनी मला सोबत घेतलं. मला वाटलं आपण बंधाऱ्याकडे जाणार, पाणी निघतं तिथे. बापू उलट त्या कोरड्या वावरात गेले, ढेकूळ उचलून बोटांनी चुरगाळून पाहिलं, आणि तिथून पाटाच्या काठाने वर वर चालायला लागले. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, हात बुडवून बघायचे. पाचव्या की सहाव्या वळणावर पाण्याचा आवाज बदलला. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं होतं आणि सगळं पाणी त्यातून नाल्यात चाललं होतं. बापूंनी गवत आणि चिखल कालवून बिळात ठासलं, टाचेने दाबलं, आणि मला म्हणाले, "पानी शे, पन वाट नही." बंधारा त्या रात्री काठोकाठ भरलेला होता.

तेव्हापासून मी कुठलीही साईट तपासायला घेतली की मुखपृष्ठ शेवटी उघडते. सगळ्यात आतलं, कोणी कधी न पाहिलेलं एक पान धरते आणि तिथून वर चालत येते. नानांच्या साईटवर मी 'कळणा' हा शब्द धरला. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं पीठ, त्याची भाकरी, सोबत भरीत किंवा ठेचा. खानदेशाबाहेर पडलेल्या माणसाला मध्यरात्री हटकून आठवावा असा शब्द.

पहिली आडकाठी पाचच मिनिटांत सापडली. प्रत्येक साईटच्या दारात रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाईल असते. क्रॉलर आत शिरण्याआधी ती वाचतो. मार्टाइन कोस्टर या डच अभियंत्याने १९९४ मध्ये हा रिवाज सुचवला आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तो निव्वळ एकमेकांच्या समजुतीवर चालला. २०२२ मध्ये कुठे आरएफसी ९३०९ या क्रमांकाने त्याची इंटरनेटच्या मानकांत रीतसर नोंद झाली. नानांच्या फाईलमध्ये दोनच ओळी होत्या. पहिलीत एक तारा, म्हणजे येणारा कोणीही असो. दुसरीत डिसअलाऊ आणि त्यापुढे एक तिरकी रेघ. ती एवढीशी रेघ म्हणजे अख्खी साईट. कोणीही आत येऊ नये, असा तो दाराला लावलेला फलक होता.

साईट बांधत असताना हे कुलूप लावतातच. अर्धवट पानं, खोटा भरताड मजकूर लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून. साईट खुली करायच्या दिवशी ते काढायचं असतं. बनवणाऱ्याने ते काढलं नव्हतं. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर नोइंडेक्सची खूणही तशीच होती, म्हणजे 'वाच, पण इंडेक्समध्ये ठेवू नकोस'. इथे एक गुंता आहे, जो या धंद्यातल्या पुष्कळांनाही माहीत नसतो. नोइंडेक्सची खूण पानाच्या आत असते. रोबोट्सच्या फाईलने पान उघडायलाच मनाई केली तर आतली खूण क्रॉलरला दिसणार कशी? मग दुसऱ्या कुठल्या साईटवरून त्या पानाची लिंक आलेली असली, तर गुगल मजकूर न वाचताच नुसता पत्ता इंडेक्समध्ये ठेवू शकतं. नानांच्या साईटचे तीन पत्ते असेच निघाले. खाली वर्णनाच्या जागी, या पानाबद्दल माहिती उपलब्ध नाही, एवढंच. एका माणसाची तीस वर्षं, आणि त्याखाली हे वाक्य. मला त्या रात्री फार राग आला होता. दोन्ही मनाया काढायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

नानांना मी सांगितलं, आता थोडे दिवस वाट पाहू. क्रॉलर आला, पानं वाचून गेला, गुगल साईटमालकाला जे सर्च कन्सोल देतं, त्यात त्याच्या खुणा दिसल्या. गुगलमध्ये 'कळणा' टाकलं. पान आलं नाही.

खरं तर हे मला आधीच दिसायला हवं होतं. पानावर अक्षरं सुरेख दिसत होती, ठसठशीत, शाळेच्या पुस्तकासारखी. मी 'अहिराणी' हा शब्द पानावरून कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवला. तिथे उमटलं ते इंग्रजी लिपीत: व्ही, एफ, जी, जे, के, टिंब, के, एच.

नानांनी सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत ज्याच्यावर वर्षानुवर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दिवाळी अंक निघाले, तसल्या फॉन्टमध्ये. या फॉन्टची करामत अशी की संगणकाच्या पोटात साठतं ते इंग्रजी अक्षर, फक्त त्याचा चेहरा मराठी रंगवलेला असतो. 'व्ही' साठतो आणि 'अ' दिसतो. 'एफ' म्हणजे पहिली वेलांटी, 'जी' म्हणजे 'ह'. साईट बनवणाऱ्याने तो फॉन्ट साईटलाच जोडून दिला होता, त्यामुळे कोणाच्याही पडद्यावर मराठी उमटायची आणि शंका यायला जागाच नव्हती. क्रॉलर मात्र चेहरा बघत नाही, तो साठवलेलं वाचतो. त्याच्या लेखी नानांच्या चार हजार नोंदी म्हणजे चार हजार ओळींची खरड होती. मराठीही नाही, इंग्रजीही नाही. आंधळ्या माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखीही तेच.

त्या फॉन्टना मी दोष देत नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला जागा १९९१ सालीच मिळाली, पण ती गावातल्या डीटीपीवाल्यापर्यंत, शाळेतल्या संगणकापर्यंत पोचायला पुढची कितीतरी वर्षं गेली. मधल्या काळात मराठी छापली, जगवली ती याच फॉन्टनी. दुःख एवढंच आहे की त्या काळात टाइप झालेलं केवढं तरी मराठी लेखन आज इंटरनेटवर आहे आणि नाही. तालुक्याचे इतिहास, संस्थांचे स्मृतिग्रंथ, शेतीची माहिती. कोणीतरी उन्हातान्हात बसून गोळा केलेलं. शोधणारा मराठीत शोधतो आणि ते इंग्रजी अक्षरांचा बुरखा घेऊन बसलेलं असतं.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफार शेवटी टाइप व्हायचा, त्याला उचलून मागे न्यावं लागतं. जोडाक्षरांत तर शेतातल्या सरीसारखं सगळं एकमेकांत शिरतं. नाना आणि मी चार आठवडे रोज संध्याकाळी फोनवर बसलो. मी इकडे वाचायचे, ते तिकडे वहीशी ताडून बघायचे.

त्यात 'पोऱ्या' या शब्दाने आम्हाला दोन दिवस खाल्ले. नाना म्हणाले, शब्द यादीत दिसतोय, पण साईटच्या शोधखिडकीत टाकला तर सापडत नाही. दोन्ही 'पोऱ्या' मी एकाखाली एक ठेवून पाहिले. डोळ्यांना तिळाचा फरक नाही. मग एकेक चिन्ह सुटं करून बघितलं. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत देणं, दुसरं म्हणजे साध्या 'र'ला हलंत देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालणं. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने दुसरी रीत वापरली होती, नानांचा कीबोर्ड पहिली वापरत होता. तसंच 'ॲ'चं. २००८ मध्ये युनिकोडने मराठीतल्या या अक्षराला स्वतःचं घर दिलं, पण त्याआधीपासून लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवत आलेत आणि अजूनही ठेवतात. दिसायला एक, साठवणीत दोन. सगळ्या साईटभर एकच रीत करून घेतली आणि शोधखिडकीत येणारा शब्दही आधी त्याच रीतीला आणायचा, असा छोटा कोड लिहिला. असलं काम बाहेरून कोणालाच दिसत नाही. मला मात्र ते झाल्यावर रात्री झोप छान लागली.

लिहिण्याच्या रीतीसोबत बोलण्याची रीतही आलीच. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, आणि कळणा म्हणजे कयना. नानांच्या वहीत शब्द 'कयना' असा होता, कारण बाई तसं बोलली होती. पण पुण्याला नोकरीला गेलेला तिचा नातू शोधताना 'कळण्याची भाकरी' टाकणार. नाना आधी अडून बसले, बोलीचा उच्चार बदलणार नाही म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. आम्ही उच्चाराला हात लावला नाही. पानाच्या शीर्षकात 'कयना' आधी ठेवलं, त्यापुढे 'कळणा', आणि खाली एका साध्या वाक्यात सांगितलं की प्रमाण मराठीत याला काय म्हणतात, भाकरी कशी करतात. वाचणाऱ्या माणसाला जे उपयोगाचं, तेच मशीनलाही कळतं. या धंद्यात इतकं सरळ गणित क्वचित मिळतं.

याच दरम्यान मी नानांना एक गोष्ट सांगितली आणि ते फोनवर बराच वेळ गप्प झाले. वेबपान कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी एक खूण एचटीएमएलमध्ये लिहितात. मराठीची खूण 'एमआर'. अहिराणीलाही जागतिक भाषा-यादीत स्वतःची खूण आहे, 'एएचआर', आणि ती पानातल्या अहिराणी मजकुराला लावता येते. गुगल भाषा ओळखताना त्या खुणेवर विसंबत नाही, ते मजकूरच वाचून ठरवतं. त्यामुळे तिचा शोधात फायदा होईल असं मी नानांना सांगितलं नाही. तरी नाना म्हणाले, लाव. २०११ च्या जनगणनेत १६ लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा म्हणून जी सांगितली, तिला बोलीची बोली म्हणून बाजूला सारणारी माणसं नानांनी जन्मभर पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी ती तीन अक्षरं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली.

मग पत्ते. मराठी शब्दाचा वेबपत्ता ब्राउझरमध्ये मराठीत दिसतो, पण प्रवास करताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं. 'कळणा' या चार चिन्हांची छत्तीस अक्षरं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की ही आकडेमोड सांडते आणि लोकांना वाटतं हा काहीतरी व्हायरस आहे. त्यातून वर्डप्रेस, म्हणजे साईट ज्यावर बांधली होती ते सॉफ्टवेअर, पत्त्याचा हा तुकडा २०० अक्षरांवर छाटतं, म्हणजे मराठीची जेमतेम बावीस चिन्हं. नानांच्या म्हणींचे पत्ते म्हणीच्या मध्येच तुटलेले होते, आणि एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या म्हणींचे पत्ते तर जवळजवळ सारखेच. रोमन लिपीत करून टाका असं पुष्कळ जण सांगतात. मी देवनागरीच ठेवली, फक्त पत्त्यात एकच कळीचा शब्द घेतला. जुने पत्ते नानांनी एका छोट्या पुस्तिकेत छापून वाटले होते, तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ चा कायमचा वळसा दिला. पुस्तिका अजून कोणाच्या तरी फडताळात असेल आणि त्यातला पत्ता आजही चालतो.

साईट एकाच वेळी चार पत्त्यांवर उघडत होती, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, सुरक्षित आणि असुरक्षित. तीन बंद करून एक ठेवला, प्रत्येक पानाला कॅनॉनिकल, म्हणजे 'खरा पत्ता हाच' असं सांगणारी, खूण घातली. हे सगळ्यांच्याच साईटला करावं लागतं, त्यात विशेष काही नाही.

विशेष होतं ते पुढचं वळण. कळण्याचं पान आता उघडं होतं, वाचण्याजोगं होतं, पत्ताही नीट होता. मी तिथून वर चालायला लागले आणि पुढे वाटच नव्हती. साईटवर त्या पानाकडे नेणारी एकही लिंक नव्हती. मुखपृष्ठावर फक्त शोधखिडकी. शब्द टाका, अर्थ मिळेल. बनवणाऱ्याने शब्दकोश म्हणून तसा तो केला होता. पण क्रॉलर खिडकीत शब्द टाकत बसत नाही, तो लिंका धरून चालतो. चार हजार शब्द एका भिंतीपलीकडे आणि भिंतीला फक्त एक खिडकी. ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्यालाच तो मिळणार, आणि ज्याला माहीत आहे तो शोधायला येईल कशाला?

इथे आम्ही चाऱ्या खणल्या. 'अ'पासून सुरू होणारी अक्षरवार पानं केली, मुखपृष्ठावरून त्यांना वाट दिली. पण निव्वळ अक्षरवार यादी म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी, तिच्यावर माझं मन भरलं नाही. मी नानांना म्हटलं, कळणा म्हटल्यावर तुम्हाला पुढे काय आठवतं? नाना सुरू झाले. कळण्यावरून जातं, जात्यावरून ओवी, ओवीवरून आखाजी, आखाजीवरून झोका आणि माहेर. दुसरीकडे भाकरीवरून खापर, खापरावरून मांडे. मी लिहीत गेले. ते जसं बोलले तशाच लिंका आम्ही पानापानांतून घातल्या. चार हजार पानांसाठी हे काम तीन महिने चाललं, आणि माझ्या बारा वर्षांत मी इतकं सुंदर काम दुसरं केलेलं नाही. साइटमॅपची, म्हणजे साईटवरच्या सगळ्या पत्त्यांची, फाईलही दिली, तिच्यात एका वेळी ५०,००० पत्ते मावतात, आमचे तर मूठभर. पण साइटमॅप ही यादी आहे. पान या साईटच्या लेखी किती मोलाचं, ते तिथपर्यंत किती वाटा नेल्यात त्यावरून कळतं.

वाटा कमी असण्याचं दुखणं असतं, तसं जास्त असण्याचंही. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची साईट माझ्याकडे आली होती. रोजचा भाव रोजच्या पानावर, आणि खाली 'पुढचा दिवस' अशी लिंक. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती लिंक कुठे थांबवलीच नव्हती. सर्व्हरच्या नोंदवहीत पाहिलं तर गुगलबॉट, म्हणजे गुगलचा क्रॉलर, २०८७ सालच्या पावसाळ्यातला केळीचा भाव विचारून गेलेला. पानावर काहीच नाही, पण लिंक पुढे नेते म्हणून तो बिचारा पुढे पुढे चालला होता, आणि आजचं भावाचं पान आठवड्याने वाचत होता. क्रॉलर एका साईटला किती वेळ देणार याला मर्यादा असते. छोट्या साईटने तिची काळजी करायची गरज नसते असं गुगलच सांगतं आणि ते खरं आहे, पण या साईटने स्वतःला अनंत करून घेतलं होतं. आजच्या तारखेला लिंक थांबवली. खेकड्याचं बीळ बुजवल्यावर शेवटच्या वावराकडे पाणी कसं सरसर जातं ते मी पाहिलेलं आहे, तसंच ते दिसलं.

वेगाचं काम मी शेवटी घेतलं. मोठा जिन्नस आत्तापर्यंत आपोआप उतरला होता, कारण मजकूर युनिकोड झाल्यावर तो जोडलेला फॉन्ट लागेना. फोनमध्ये देवनागरी असतेच. राहिलं मुखपृष्ठावरचं पांझरेच्या सूर्यास्ताचं चित्र, कॅमेऱ्यातून निघालेलं जसंच्या तसं, सात एमबीचं. गुगलच्या मापाने पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल दिसावी, आणि हे शंभरातल्या किमान पंचाहत्तर भेटींना जमावं. माझ्या घरच्या वायफायवर सगळं हिरवं दिसत होतं. मी धडगावला कामाला गेले असताना ओळखीच्या शिक्षिकेच्या फोनवर तेच पान उघडलं. सातपुड्यात एका टेकाडावर रेंज असते, दुसऱ्यावर नसते. आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिलो, वरून सूर्य अर्धा उतरला आणि तिथेच अडकला. बाई म्हणाल्या, "ताई, आमच्याकडची पोरं इतका वेळ थांबत नाहीत." चित्र त्याच संध्याकाळी शंभर केबीच्या आत आणलं.

गुगलला फसवणाऱ्या माणसाबद्दल पुढे लिहिते म्हटलं होतं, ते आता. चोपड्याकडच्या शेतकऱ्यांचा एक गट भरिताची वांगी थेट शहरात पाठवायचा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांना उमेद आली. एकाने त्यांना महिन्याला पैसे घेऊन 'पहिल्या नंबरवर आणून देतो' असं सांगितलं. हा शब्द कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलेलं आहे. त्या माणसाने पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेकडो वेळा 'जळगाव भरीत वांगी' लिहून ठेवलं, पन्नास गावांच्या नावाने पन्नास सारखी पानं काढली. काही दिवस वर आले. मग सर्च कन्सोलमध्ये दंडाची नोटीस आली आणि साईट शोधातून गेली, ऐन हिवाळ्यात, भरिताच्या हंगामात. त्यांच्यातले एक काका माझ्यासमोर बसून म्हणाले, आम्ही काय खोटं विकत होतो का? मी ती लपवलेली अक्षरं एकेक करून काढली, गुगलला फेरविचाराचा अर्ज लिहिला. साईट परतली, पण हंगाम गेला तो गेला. शेतकऱ्याच्या नावावर असलं खोटं लिहिणाऱ्या माणसाला मी माफ करू शकत नाही. तो त्या गटातल्या कोणाला साधं विचारायलाही गेला नव्हता की तुमचं वांगं हिरवं का असतं, त्याला काटे कुठे असतात, आणि ते तुराट्यांवरच का भाजायचं. हे लिहिलं असतं तर लोकांनी वाचलं असतं.

नानांच्या साईटला आता लोक येतात. फार नाही. कानबाईच्या आठवड्यात जास्त, आखाजीला जास्त, लग्नसराईत गाण्यांच्या पानांवर जास्त. शोधखिडकी आम्ही ठेवली आहे, आणि तिच्यात लोकांनी काय टाकलं आणि कशाला उत्तर मिळालं नाही याची एक यादी मागे आपोआप तयार होते. मागच्या महिन्यात मी गावी गेले तेव्हा ती यादी नानांना पहिल्यांदा दाखवली. ओट्यावर बसून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. बऱ्याच नोंदी नुसत्या टायपिंगच्या चुका होत्या. एका शब्दाशी नाना थांबले. चार दिवसांत तो तीन वेळा विचारला गेला होता.

"हा माझ्याकडे नाही," ते म्हणाले. मग पुन्हा वाचला, ओठांनी, आवाज न करता. "कुठून विचारला कोणी?"

मी म्हटलं, ते कळत नाही, नाना. मोबाईलवरून, एवढंच.

तो शब्द मी इथे लिहीत नाही, कारण अर्थ पक्का झाल्याशिवाय तो कुठे लिहायचा नाही असं नानांनी बजावलं आहे. त्यांनी आत जाऊन वही आणली, नवं पान उघडलं, तारीख टाकली. मग पिंपळनेरच्या एका आजीबाईंना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे शब्द तीनदा ओरडून सांगावा लागला. पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग हसण्याचा आवाज आला, आणि आजीबाई बोलायला लागल्या.

"सांग माय, तू सांग," नाना पेनाचं टोपण दातांनी काढत म्हणाले. "मी लिखी राहिनू."